पत्ता नसलेलं औषध विकत घेऊ नका

गेल्या महिन्यात ओपीडी संपता संपता एक जोडपं आत आलं. बरोबर आठ वर्षांचा मुलगा. निदान आधीच झालेलं होतं: ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. या आजारात स्नायूंना टिकवून धरणारं डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन तयार होत नाही आणि स्नायू हळूहळू झिजत जातात. मुलगा चालत होता, पण जिना चढताना कठडा धरावा लागत होता आणि जमिनीवरून उठताना हात मांडीवर टेकावे लागत होते.

फाइलमध्ये सगळ्यात वर एक रंगीत माहितीपत्रक होतं. कुठल्याशा खासगी सेंटरचं. त्यावर लिहिलं होतं, "जीन थेरपी पॅकेज. सलाईनमधून तीन डोस. स्नायू पुन्हा तयार होतात." किंमत अकरा लाख. वडिलांनी दीड एकर विकायची बोलणी सुरू केली होती. मला म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही फक्त हो म्हणा."

मी त्यांना एकच प्रश्न विचारला. "सलाईन हाताच्या शिरेत लागणार. तिथून हे औषध पायाच्या, पाठीच्या, हृदयाच्या स्नायूंपर्यंत कसं पोचणार, हे त्यांनी सांगितलं का?"

वडील गोंधळले. म्हणाले, "रक्तातून जातंच की सगळीकडे!"

आजचा लेख या एका वाक्यावर आहे. कारण हे वाक्य खोटं आहे, आणि त्याच्या जोरावर लोकांच्या जमिनी, दागिने, पीएफ विकत घेतले जात आहेत.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. डीएनए किंवा आरएनएवर चालणाऱ्या कोणत्याही उपचारात औषध काय आहे यापेक्षा ते शरीरात नेमकं कुठे पोचतं हा प्रश्न मोठा आहे. ज्याला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, त्याला तुमच्याकडून एक रुपयाही मागायचा अधिकार नाही. मग तो पांढऱ्या कोटातला असो, ब्यूटी पार्लरमधला असो की यूट्यूबवरचा.

हे औषध म्हणजे असतं तरी काय?

आपल्या पेशींचं काम लेखी सूचनांवर चालतं. मूळ प्रत म्हणजे डीएनए. ती पेशीच्या केंद्रकात जपून ठेवलेली असते. त्या प्रतीतला लागेल तेवढा भाग उतरवून बाहेर पाठवला जातो, तो आरएनए. तो वाचून पेशी प्रथिनं तयार करते.

डीएनए आणि आरएनए यांना मिळून न्यूक्लिक आम्लं म्हणतात. ती वापरून केलेले उपचार मुख्यतः चार प्रकारचे. पेशीला नसलेली सूचना पुरवायची, म्हणजे नवं जनुक किंवा एमआरएनए द्यायचा. नको असलेली सूचना वाचण्याआधीच फाडून टाकायची. सूचनेतल्या चुकीच्या ओळीवर पट्टी चिकटवायची, म्हणजे पेशी ती ओळ गाळून पुढचं वाचेल. किंवा मूळ प्रतीतच दुरुस्ती करायची.

यातली सूचना लिहिणं आता फार अवघड राहिलेलं नाही. आजारामागचं चुकीचं अक्षर कळलं की त्यावरचा आरएनए प्रयोगशाळेत काही आठवड्यांत तयार होतो. अवघड आहे ते वाटप.

एक उदाहरण घ्या. आरएनएचे दुपदरी तुकडे वापरून एखादं जनुक गप्प करता येतं, हे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका छोट्या जंतावर दाखवलं. २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या तत्त्वावरचं पहिलं औषध, पॅटिसिरान, अमेरिकेत मंजूर झालं २०१८ मध्ये. मधली वीस वर्षं कशात गेली? मुख्यतः या तुकड्याला पेशीच्या आत न्यायचं कसं, हे शोधण्यात.

"रक्तातून सगळीकडे" का जात नाही?

तुम्ही पॅरासिटामॉलची गोळी घेता तेव्हा ती खरोखरच जवळपास सगळीकडे जाते. तो रेणू अगदी लहान असतो आणि पेशीच्या आवरणातून सहज पार होतो. जनुक गप्प करणारा आरएनएचा तुकडा त्याच्या सुमारे नव्वद पट जड असतो. त्यावर विद्युतभार असतो, आणि पेशीचं आवरण स्निग्ध. त्यामुळे तो आपणहून आत शिरू शकत नाही.

त्याच्या वाटेतले अडथळे मोजा. रक्तात शिरल्याबरोबर तिथली विकरं त्याचे तुकडे करू लागतात. परका आरएनए म्हणजे बहुधा विषाणूचा, असं शरीर धरून चालतं. त्यातून वाचला तर मूत्रपिंड त्याला गाळून लघवीवाटे बाहेर टाकतं. त्यातूनही राहिला तर रक्तवाहिनीची भिंत आड येते. ती ओलांडून पेशीपर्यंत गेला तर पेशी त्याला एका छोट्या पिशवीत बंद करून आत घेते, आणि त्या पिशवीतला माल शेवटी मोडीत काढला जातो. स्निग्ध कणांत भरून दिलेल्या आरएनएपैकी किती या पिशवीतून निसटतो, हे शास्त्रज्ञांनी मोजलं आहे. ते प्रमाण शंभरात एक-दोन इतकंच आलं. हा हिशेबही यकृताच्या पेशींचा, म्हणजे जिथे पोचणं सगळ्यात सोपं आहे तिथला.

आपल्याकडे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. ती योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. कारण साधं होतं. एकट्या महाराष्ट्रात पिंपळगाव आणि वडगाव किती आहेत ते आठवून पाहा. नुसतं "पिंपळगाव" लिहून टाकलेलं पत्र कुठे जाईल? शरीरात लक्षावधी कोटी पेशी आहेत आणि नुसत्या सलाईनच्या बाटलीवर कुठलाच पिनकोड नसतो.

पत्ता नसलेलं टपाल यकृतात जातं

पत्ता नसेल तर अशा औषधाचा बराचसा भाग यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये जाऊन पडतो. यकृत रक्त गाळणारा अवयव आहे. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना बारीक खिडक्या असतात, त्यामुळे मोठे कणही आत जातात.

वैज्ञानिकांनी या अडचणीचाच उपयोग करून घेतला. पॅटिसिरानमध्ये आरएनए स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणात भरलेला असतो. रक्तात गेल्यावर त्या कणावर एक प्रथिन चिकटतं. यकृताच्या पेशीला वाटतं हा कोलेस्टेरॉल वाहणारा नेहमीचाच कण आहे, आणि ती त्याला आत घेते. ज्या आनुवंशिक आजारासाठी हे औषध आहे, त्यातलं बिघडलेलं प्रथिन प्रामुख्याने यकृतातच तयार होतं. म्हणून ते लागू पडतं.

पुढची पायरी आणखी नेमकी होती. यकृताच्या पेशींवर एका विशिष्ट साखरेला पकडणारे हुक लाखोंच्या संख्येने असतात. रक्तातली जुनी झालेली काही प्रथिनं ओढून घ्यायला ते असतात. आरएनएच्या तुकड्याला त्या साखरेचे तीन रेणू जोडले की तो थेट तिथे जाऊन अडकतो. कोलेस्टेरॉल कमी करणारं इन्क्लिसिरान हे इंजेक्शन असंच चालतं. पोटाच्या कातडीखाली द्यायचं. पहिल्या डोसनंतर तीन महिन्यांनी दुसरा, मग दर सहा महिन्यांनी एक. वाईट कोलेस्टेरॉल साधारण निम्म्यावर येतं. हे वाचून तुमची स्टॅटिनची गोळी मात्र बंद करू नका, तो निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबर बसून घ्यायचा आहे.

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची एक बातमी तुम्ही वाचली असेल. एका तान्ह्या बाळासाठी, त्याच्या एकट्याच्या जनुकातली चूक दुरुस्त करणारं औषध सहा महिन्यांत तयार करून दिलं गेलं. बातमी खरी होती आणि कौतुकाचीही. बहुतेक मथळ्यांनी एक गोष्ट मात्र गाळली. त्या बाळाचा आजार यकृतातल्या एका विकराचा होता. म्हणजे औषधाला जिथे जायचं होतं तो पत्ता आधीच ठाऊक होता. तेच तंत्र स्नायूंसाठी किंवा मेंदूसाठी वापरायचं म्हटलं तर वाटपाचा प्रश्न पहिल्यापासून सोडवावा लागेल.

बाकीच्या अवयवांचं काय?

तिथे आजवर तीन वाटा सापडल्या आहेत, आणि प्रत्येकीची किंमत आहे.

पहिली वाट म्हणजे औषध दारात नेऊन देणं. डोळ्यासाठी डोळ्यातच इंजेक्शन. न्यूक्लिक आम्लाचं मंजूर झालेलं पहिलं औषध, १९९८ सालचं फोमिव्हर्सेन, असंच डोळ्यात द्यायचं होतं. २०१७ मध्ये मंजूर झालेली लक्सटर्ना ही जीन थेरपी शस्त्रक्रिया करून दृष्टिपटलाखाली सोडतात. मणक्यातल्या चेतापेशी मरत जाणाऱ्या एसएमए या आजारावर २०१६ मध्ये आलेलं नुसिनर्सेन दर चार महिन्यांनी पाठीच्या कण्यातून द्यावं लागतं. लहान मुलाच्या पाठीत पुन्हा पुन्हा सुई टोचणं कुठल्या डॉक्टरला आवडेल? पण शिरेतून दिलं तर ते मेंदू आणि मज्जारज्जूत पोचत नाही, म्हणून हा त्रास.

दुसरी वाट, पेशीच शरीराबाहेर आणायच्या. गडचिरोली, नंदुरबार या भागांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, त्यांनी "कॅसजेव्ही"बद्दल ऐकलं असेल. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस तिला मान्यता मिळाली. यात रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी काढतात, प्रयोगशाळेत त्यांचं जनुक संपादित करतात आणि परत देतात. वाटपाचा प्रश्नच मिटला. पण नव्या पेशींना जागा करून द्यायला आधी जबर केमोथेरपीने जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, कित्येक आठवडे रुग्णालयात राहावं लागतं, आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे. म्हणून सांगतो, तुमच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या चालू ठेवा. स्वस्त आहेत, आणि उपयोगी आहेत.

तिसरी वाट, विषाणूला पोस्टमन करायचं. पेशीत शिरणं हे विषाणूचं जन्मजात कसब. त्याच्यातला रोग काढून टाकून आत आपलं जनुक भरायचं. एसएमएवरचं झोल्गेन्स्मा असंच आहे. २०२१ मध्ये मुंबई-पुण्यातल्या कुटुंबांनी त्यासाठी लोकवर्गणीतून १६ कोटी रुपये उभे केले, ते तुमच्या लक्षात असेल. ते शिरेतून दिलं जातं आणि तरीही लहान बाळाच्या चेतापेशींपर्यंत पोचतं, कारण त्यासाठी निवडलेल्या विषाणूत ती क्षमता आहे. म्हणजे शिरेतून दिलेलं कधीच पोचत नाही असं माझं म्हणणं नाही. पोचवणारा कोण आहे, ते सांगा, एवढंच मागणं आहे.

स्नायूंची खरी गोष्ट

आता त्या मुलाच्या आजाराकडे येऊ. ड्यूशेनवर जगातल्या बुद्धिमान माणसांनी आणि अफाट पैशांनी काय साधलं, ते पाहा.

२०१६ मध्ये एटेप्लिर्सेन हे औषध अमेरिकेत सशर्त मंजूर झालं. ते चुकीची ओळ गाळायला लावणारी पट्टी आहे, आणि काही ठरावीक दोष असलेल्या मुलांनाच लागू पडतं. दर आठवड्याला शिरेतून द्यायचं. पण त्यावर स्नायूचा पत्ता नाही. बरंचसं औषध लघवीवाटे निघून जातं. साडेतीन वर्षं घेतल्यानंतर मुलांच्या स्नायूंत डिस्ट्रोफिन किती होतं? निरोगी स्नायूच्या सरासरी एक टक्क्याहूनही कमी. अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीचा कौल मंजुरीच्या विरोधात होता, तरी मंजुरी दिली गेली.

२०२३ मध्ये विषाणूवर बसवलेली एलेविडिस ही जीन थेरपी आली. किंमत ३२ लाख डॉलर. स्नायू सगळ्या शरीरभर, त्यामुळे डोस प्रचंड: मुलाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे १३३ लाख कोटी विषाणूकण. यातले पुष्कळसे स्नायूंत जात नाहीत, यकृतात जातात. मोठ्या चाचणीत हालचालींच्या मुख्य मोजमापावर ठरवलेलं यश मिळालं नाही. आणि २०२५ मध्ये हा उपचार घेतलेल्या, चालणं थांबलेल्या दोन किशोरवयीन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. त्यानंतर चालता न येणाऱ्या मुलांना ती देणं थांबवलं गेलं.

ज्या अवयवाला काही झालेलं नव्हतं, त्या अवयवाने त्या मुलांचा जीव घेतला. चुकीच्या पत्त्यावर पडलेलं औषध नुसतं वाया जात नाही, ते तिथे नुकसान करतं. म्हणून "गुण नाही आला तरी अपाय तर नाही ना?" असं जेव्हा आईवडील म्हणतात, तेव्हा मला अस्वस्थ व्हायला होतं.

नवी संशोधनं चालू आहेत. स्नायूंच्या पेशींवर लोह आत घेणारं एक द्वार असतं. त्याला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला आरएनए बांधून तो स्नायूत न्यायचा, अशा चाचण्या माणसांत सुरू आहेत. हा खऱ्या अर्थाने पत्ता लिहिण्याचा प्रयत्न आहे आणि मला त्यातून आशा वाटते. पण एवढी सगळी धडपड जिथे चालू आहे, तिथे कुठल्याशा गल्लीतलं सेंटर तीन सलाईनमध्ये स्नायू परत आणून देणार?

"मग कोविडची लस कशी चालली?"

हा प्रश्न मला हमखास विचारतात, आणि प्रश्न बरोबर आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी न्यूक्लिक आम्लाचं औषध आधीच घेतलेलं आहे. कोविशिल्डमध्ये विषाणूच्या पाठीवरून डीएनए दिला होता. पुण्यात तयार झालेली जेमकोव्हॅक ही आपली पहिली देशी एमआरएनए लस, तिला २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली.

लसीला अचूक पत्ता लागत नाही, हे त्याचं उत्तर. दंडाच्या स्नायूतल्या आणि जवळच्या लसिका ग्रंथींतल्या थोड्याशा पेशींनी काही दिवस ते प्रथिन बनवलं तरी पुरतं. पुढचं काम रोगप्रतिकारशक्ती करते, ती थोड्या इशाऱ्यावर मोठं सैन्य उभं करते. स्नायूंचा आजार बरा करायला मात्र कोट्यवधी स्नायूपेशींपैकी बऱ्याच पेशींत औषध जावं लागतं, आणि परिणाम वर्षानुवर्षं टिकावा लागतो. गावातल्या चार जणांना निरोप देऊन दवंडी पिटवणं वेगळं आणि प्रत्येक घरात जाऊन नळ दुरुस्त करणं वेगळं.

"लसीने आपले जीन्स बदलले" अशी भीती पसरवणाऱ्यांनाही हेच सांगायचं आहे. लसीतला एमआरएनए केंद्रकात जात नाही आणि थोड्याच दिवसांत मोडतो. औषध कुठे जातं हे न विचारता घाबरणं आणि ते न विचारता पैसे मोजणं, दोन्ही एकाच अज्ञानातून येतं.

बाजारात काय काय विकलं जातंय

"डीएनए रिपेअर" पावडर घ्या. पोटात गेलेला डीएनए पचतो. तुम्ही मेथीची भाजी खाता, बांगडा खाता, भाकरी खाता, त्या प्रत्येकात भरपूर डीएनए असतो. आतड्यात त्याचे तुकडे होतात आणि साधे घटक रक्तात जातात. मेथीच्या डीएनएने आपण हिरवे होत नाही, तसंच डब्यातल्या पावडरीने आपला डीएनए दुरुस्त होत नाही.

"साल्मन डीएनए" फेशियल आणि इंजेक्शनं सध्या मोठ्या शहरांत जोरात आहेत. त्याने त्वचेला तजेला येतो की नाही, हा वेगळा वाद. पण त्या माशाच्या डीएनएतल्या सूचना तुमच्या पेशी वाचत नाहीत. त्याला जनुकांचा उपचार म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

वर्तमानपत्रांचे मथळेही यात सामील आहेत. "अमुक आजारावर रामबाण जीन थेरपी", आणि सातव्या परिच्छेदात कळतं की प्रयोग उंदरांवर झाला. उंदीर वीस-पंचवीस ग्रॅमचा, तुमचा मुलगा वीस-पंचवीस किलोचा. हजारपट वजनाच्या शरीरात तेच औषध त्याच अवयवात, तेवढ्याच सुरक्षितपणे पोचवणं हे मधलं सगळं काम बातमीतून गायब असतं.

आणि आम्ही डॉक्टर? आम्हीही कमी दोषी नाही. असाध्य आजाराचं निदान सांगताना समोरच्याचा चेहरा पाहवत नाही म्हणून आम्ही घाईघाईने म्हणतो, "काळजी करू नका, नवीन उपचार येतायत." कुठल्या अवयवासाठी, कधी, कोणाला, हे सांगायला लागणारी दहा मिनिटं आम्ही देत नाही. ती दहा मिनिटं मग सेंटरचा माणूस देतो, गोड बोलून, चहा पाजून.

काही जण मला म्हणतील, "आईवडिलांची आशा कशाला हिरावून घेता?" त्यांना माझा उलट प्रश्न आहे. जमीन गेली, वर्ष गेलं, मुलाची चालण्याची ताकद कमी झाली, आणि दोन वर्षांनी खरोखर उपयोगी उपचार आला, तर त्या घराकडे काय उरलेलं असेल? आशेवर माझा राग नाही. आशेचा भाव लावून ती विकण्यावर आहे.

हे पाच प्रश्न विचारा

कोणी डीएनए, आरएनए, जीन असे शब्द वापरून उपचार सुचवला तर कागद-पेन घेऊन बसा आणि विचारा:

१. आजार कुठल्या पेशींत आहे? नाव सांगा. "सगळ्या शरीरात" हे उत्तर नाही.

२. औषध त्या पेशींपर्यंत नेणारं काय आहे? विषाणू, स्निग्ध कण, साखर, की थेट त्या जागी इंजेक्शन? "नॅनो टेक्नॉलॉजी" एवढंच सांगितलं तर उठून या.

३. ते आणखी कुठे कुठे जातं, आणि तिथे काय करतं? यकृताच्या तपासण्या किती वेळा करणार?

४. हे औषध भारतात मंजूर आहे का? नसेल तर चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक द्या. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून औषधाचे पैसे घेत नाहीत. पॅकेजचा भाव सांगितला की ती चाचणी नव्हे, दुकान आहे.

५. माझ्या किंवा माझ्या मुलाच्या जनुकीय तपासणीत जो नेमका दोष आला आहे, त्यावर हे लागू पडतं का? रिपोर्ट न बघताच हो म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

आजार दुर्मीळ असेल तर सरकारचं २०२१ चं दुर्मीळ आजार धोरण लक्षात ठेवा. ठरवून दिलेल्या केंद्रांमार्फत, त्यात बसणाऱ्या आजारांसाठी ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईत केईएम रुग्णालय असं केंद्र आहे. तिथे रांग लागते, वेळ लागतो, खेटे घालावे लागतात, हे मला माहीत आहे. तरीही आधी तिथे नाव नोंदवा.

त्या जोडप्याने हे प्रश्न माझ्यासमोरच लिहून घेतले. बाहेर बाकावर बसून वडिलांनी सेंटरला फोन लावला. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं, "ते आपोआप बरोबर जागी जातं." चौथ्या प्रश्नाला, "तुम्ही समक्ष या, मग बोलू." त्यानंतर फोन कट झाला.

फाइल नीट वाचल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. निदान होऊन दोन वर्षं झाली होती आणि मुलाच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे एको, एकदाही झालेली नव्हती. या आजारात हृदयही स्नायूच असतं, आणि त्याची तपासणी निदानापासून दरवर्षी व्हायला हवी. स्टेरॉइडची गोळी "साइड इफेक्ट असतात" म्हणून कोणीतरी बंद करायला लावली होती. या गोळीने मुलांचं चालणं लांबतं, आणि तिचे दुष्परिणाम सांभाळता येतात. मुलाला एक धाकटी बहीण आहे. आई आणि बहीण वाहक आहेत का, याची तपासणीही राहिली होती. ती दोष लावण्यासाठी नाही, पुढचं ठरवता यावं म्हणून करायची असते.

हे सगळं अकरा लाखांच्या आसपासही जात नाही. एको झाला, ठीक आहे. गोळी पुन्हा सुरू केली. जमिनीचा व्यवहार त्यांनी थांबवला आहे. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी ते परत यायचे आहेत, फिजिओथेरपीची वही घेऊन.